मिसेस हॅनर, मिसेस टिपणीस

सरोजिनी टिपणीसांच्या कपाटात, वरच्या खणात, एक प्लास्टिकची फाइल असते. पासपोर्ट, जन्मदाखले, फ्लॅटचे कागद असं सगळं तिच्यात आहे, आणि सगळ्यांच्या वर आहे ठाण्याच्या नोटरीसमोर केलेलं एक प्रतिज्ञापत्र. कुमुद वामन प्रधान आणि सरोजिनी दिलीप टिपणीस या दोन स्त्रिया नसून एकच स्त्री आहे, एवढंच त्यात म्हटलं आहे. एवढंच म्हणायला पाच रुपयांचा स्टँप आणि दोन साक्षीदार लागले होते.

लग्नात दिलीपने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा कुमुदला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. सासरे संस्कृतचे मास्तर. कुमुद म्हणजे कमळ, सरोजिनी म्हणजेही कमळच, तेव्हा मुलीचं काही म्हणता काही बदललेलं नाही, असं त्यांनी पंगतीत चारचौघांना समजावून सांगितलं. ‘मग बदललंत कशाला?’ हे कुमुदच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नव्या नवरीने पहिल्याच दिवशी असं बोलायचं नसतं, म्हणून तिने ते जिलबीच्या घासाबरोबर गिळलं. पुढे आयुष्यात असं बरंच गिळलं म्हणा, पण पहिलं तेच.

१९८९ साली दिलीपला बँकेत नोकरी लागून दोघं सिंगापूरला आली, आणि प्रतिज्ञापत्राचे दिवस सुरू झाले. बी.ए.ची पदवी कुमुदची, ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा कुमुदचा, पासपोर्ट मात्र सरोजिनीचा. जिथे जावं तिथे तो कागद पुढे करायचा. एकदा काउंटरवरच्या मुलीने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “सो मेनी नेम्स. विच वन इज यू?” सरोजिनी ओशाळून म्हणाली, “सॉरी.” कशाबद्दल सॉरी, हे तिला पुढे किती वर्षं कळलं नाही.

तर अशा या बाईला काम मिळालं ते नेमकं नावांचंच. सिंगापूरच्या पाया लेबार भागात एका जुनाट इमारतीच्या सहाव्या मजल्यावर पुस्तकं तयार करून देणारी एक कंपनी होती. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून हस्तलिखितं यायची. इथे पानं लागायची, प्रुफं वाचली जायची, शेवटी सूची व्हायची. सूची म्हणजे पुस्तकाच्या मागे असते ती नावांची यादी, कोण कुठल्या पानावर आहे हे सांगणारी. ती कोणी तरी बसून करत असतं, हे वाचणाऱ्याच्या स्वप्नातही येत नाही. सूची विभागात पाच माणसं होती आणि त्यांत सरोजिनी सगळ्यांत जुनी. “आडनावच टिपणीस, टिपणं काढण्यातच जन्म जायचा,” असं दिलीप दर दिवाळीला पाहुण्यांसमोर म्हणत, आणि दर दिवाळीला एकटेच हसत.

२००८ सालच्या मार्चमध्ये तिच्या टेबलावर एल्म फोर्कचं पुस्तक आलं. एल्म फोर्क ही अमेरिकेत इंडियाना राज्यातली एक टाउनशिप, म्हणजे आपल्याकडे चार-सहा वाड्या मिळून एक ग्रामपंचायत असते, साधारण तसा प्रकार. मका, डुकरं, दोन चर्चं, एक शाळा. तिला दीडशे वर्षं होणार म्हणून गावच्या एका निवृत्त मास्तरांनी तिचा इतिहास लिहिला होता. मास्तरांनी काहीही सोडलेलं नव्हतं. कुठल्या साली कोणाच्या भोपळ्याला बक्षीस मिळालं, कोणाच्या गोठ्याला आग लागली, चर्चच्या भोजनात कोणी काय आणलं, सगळं होतं. चारशे बारा पानं. सूची मात्र त्यांच्याने होईना.

सरोजिनीला तेव्हा पन्नासावं लागलं होतं आणि गुडघ्यांना सत्तरावं. हौगांग वस्तीतला त्यांचा ब्लॉक जुना, लिफ्ट फक्त पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची, आणि घर सातव्यावर. संध्याकाळी हातात भाजीची पिशवी घेऊन पाचव्यावरून दोन जिने चढताना ती प्रत्येक वळणावर थांबून श्वास घ्यायची. आता सरकारी योजनेतून प्रत्येक मजल्यावर लिफ्ट येणार होती. इमारतीला बांबू-पत्रे लागले होते, दिवसभर ड्रिल चालायचं. काम करणारी पोरं तामिळनाडूची आणि बांगलादेशची. दुपारी ती खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, पुठ्ठे अंथरून झोपलेली असत. शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी येताना सरोजिनी त्यांना वळसा घालून जायची. त्यांची झोप मोडू नये म्हणून, असं ती स्वतःला सांगत असे.

मार्चमधल्याच एका रविवारी अरुणा देवस्थळी आली. अरुणा चौथ्या मजल्यावर राहायची. आख्ख्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, त्यामुळे पंधरा वर्षांची घसट. बाई बोलायला तिखट, पण वेळेला धावून येणारी. सार्सच्या साथीत दिलीपच्या ऑफिसातला एक जण आजारी निघाला आणि टिपणीस मंडळी दहा दिवस घरात अडकली, तेव्हा सगळा ब्लॉक त्यांच्या दारावरून जायला घाबरत होता. अरुणा मात्र रोज दोन्ही वेळा दाराशी डबा ठेवून बेल वाजवून जायची. तेव्हापासून दोन घरांत एक स्टीलचा डबा सारखा फिरत असे. आपल्या रीतीप्रमाणे तो कधी रिकामा परत जात नसे, काही नाही तर साखर तरी घालून जाई.

त्या रविवारी डब्यात नानकटाई होती आणि दुसऱ्या हातात कागद.

“सही कर गं,” अरुणा पंख्याखाली बसत म्हणाली. “मागची शाळा बंद पडलीय ना, तिथे या कामगारांना ठेवणार आहेत म्हणे. सहाशे जणांना! मी, नऊवरच्या मिसेस कोह आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या दोघी, आम्ही घरोघर फिरतोय.”

“पण कुठे तरी राहायला हवंच ना त्यांना,” सरोजिनी म्हणाली. वाद घालायचा म्हणून नव्हे, काही तरी बोलायला हवं म्हणून.

“राहू देत की कुठेही! इथेच कशाला? तुझ्या जाईसारख्या पोरी क्लासहून सातला येतात. आणि खरं सांगू का?” अरुणाने आवाज उतरवला. “इथले लोक आपल्यालाही त्यांच्यातलंच समजायला लागतील. यांना इंडियन म्हणजे इंडियन. बँकेतला कोण आणि फावडेवाला कोण, यांना कळतंय थोडंच?”

सरोजिनी थकली होती. धुणं वाळत घालायचं होतं, कुकर लावायचा होता, आणि अरुणा उठल्याशिवाय यातलं काहीच होणार नव्हतं. तिने पेन घेतलं. नावाच्या रकान्यापाशी हात जरा अडखळला. मग तिने लिहिलं, ‘मिसेस डी. टिपणीस’. सिंगापुरात असं नाव तिने कधीच लिहिलं नव्हतं. बँकेत नाही, दवाखान्यात नाही. त्या दिवशीच का लिहिलं, ते तिला तेव्हा विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सहज.

नानकटाई छान झाली होती.

इकडे पाया लेबारला एल्म फोर्कची पानं पुढे सरकत होती. या पुस्तकातली खरी डोकेदुखी म्हणजे बायका. जुन्या वर्तमानपत्रांतून मास्तरांनी जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि त्या काळच्या अमेरिकेत बाईला स्वतःचं नाव छापायची पद्धत नव्हती. मिसेस फ्लॉइड हॅनर, मिसेस जॉन अमुक, मिसेस विल्यम तमुक. अमेरिका म्हणजे किती पुढारलेली, असं लहानपणापासून ऐकलेल्या सरोजिनीला याची मोठी गंमत वाटली. आपल्याकडे निदान दुसरं का होईना, एक नाव तरी देतात!

दुसरं कोणी असतं तर त्याने छापलंय तसं सूचीत उतरवलं असतं आणि मोकळं झालं असतं. सरोजिनीला ते जमेना. तिने चर्चच्या लग्ननोंदींचं परिशिष्ट काढलं, स्मशानभूमीची यादी काढली आणि एकेका मिसेसच्या मागची बाई शोधायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. पण आयुष्यभर एक कागद दाखवून ‘ती आणि मी एकच’ म्हणत हिंडलेल्या बाईला एकाच माणसाचे तुकडे चार जागी पडलेले बघवत नाहीत, त्याला काय करणार?

असं करत करत एडना सापडली. पान अठ्ठावन्नवर मिस एडना प्राइस, वक्तृत्वात पहिली. पान दोनशे सहावर एडना लॉक्रिज, म्हणजे गावचं दैवतच. तिने मंदीच्या काळात स्वतःच्या ओसरीवर चाळीस पुस्तकं मांडून गावाचं वाचनालय सुरू केलं, आणि आज त्याच्या इमारतीवर तिचंच नाव आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता, मांडीवर मुलं घेऊन वाचून दाखवतानाचा. सरोजिनी स्वतः वाचनालयात वाढलेली, तिला ही बाई फार आवडली. परिशिष्टात मिळालं की एडना प्राइसचं पहिलं लग्न फ्लॉइड हॅनरशी झालं होतं. तो वारल्यावर तिने रॉय लॉक्रिजशी लग्न केलं. तिन्ही नावं जुळली आणि सरोजिनीने समाधानाने चहा मागवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती पान एकशे त्रेचाळीसवर पोहोचली.

१९२४ साल. काळ्या माणसांचा, कॅथलिकांचा, ज्यूंचा, बाहेरून आलेल्या सगळ्यांचाच द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचं इंडियानात तेव्हा मोठं प्रस्थ होतं आणि बायकांची शाखा वेगळी होती. पांढरे झगे शिवायला एकत्र जमायचं, सहली काढायच्या, मिरवणुका काढायच्या. एल्म फोर्कमध्ये हॅटी ग्रिग्ज नावाची एक काळी बाई चार मुलांना घेऊन धुण्याची कामं करायची. या शाखेतल्या बायका सफरचंदाचे ‘पाय’, म्हणजे सारण भरलेले गोड केक, भाजून घरोघर गेल्या. पाय द्यायचा आणि कागद पुढे करायचा. हॅटीकडे आम्ही कपडे धुवायला देणार नाही, अशी त्यावर कबुली. एकसष्ट सह्या झाल्या. मास्तरांनी पूर्ण यादी छापली होती. चार बायका सोडल्या तर सगळ्या मिसेस अमुक नि मिसेस तमुक. पहिलीच सही होती, मिसेस फ्लॉइड हॅनर, अध्यक्ष. आणि शेवटी मास्तरांची एक ओळ: हिवाळ्याआधी ग्रिग्ज कुटुंब गाव सोडून गेलं, पुढे त्यांचा उल्लेख सापडत नाही.

सरोजिनीने चष्मा काढून पुसला. मग उठून पाणी प्याली. परत येऊन तिने ती यादी पुन्हा वाचली. सफरचंदाच्या पायच्या जागी तिला नानकटाई दिसत होती, आणि त्याला काही इलाज नव्हता. तिला आपली लाज वाटली, अगदी सरळ, शाळेत चोरी पकडली गेल्यावर वाटावी तशी. त्या सत्तावन्न जणींनी पुरं नाव का लिहिलं नाही, हे मास्तरांना कधी कळणार नव्हतं, तिला मात्र पक्कं माहीत होतं.

तिने काम पूर्ण केलं. ‘लॉक्रिज, एडना’ या नावाखाली सगळी पानं लावली. अठ्ठावन्न, एकशे त्रेचाळीस, दोनशे सहा. आणि ‘हॅनर, मिसेस फ्लॉइड’ या जागी लिहिलं, ‘पाहा: लॉक्रिज, एडना’. सूची गेली.

तीन आठवड्यांनी मिस्टर क्वेक तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. क्वेक हे विभागाचे प्रमुख, साठीला आलेले, सदा पोटावर हात ठेवून चालणारे. ते तिला ‘सारो’ म्हणत. नावांच्या बाबतीत तिने आता कोणाशी वाद घालायचा सोडून दिला होता.

“सारो, क्लायंट नॉट हॅपी लेह,” असं म्हणत त्यांनी एक ई-मेलचा कागद ठेवला.

ई-मेल एल्म फोर्कच्या इतिहास समितीच्या अध्यक्षबाईंचा होता. नाव कॅरोलिन लॉक्रिज. त्यांनी चांगल्या शब्दांत लिहिलं होतं. एडना माझी आजी. आई लवकर गेली, मला आजीनेच वाढवलं. पान एकशे त्रेचाळीसवरची मिसेस हॅनर कोण, हे आज गावात कोणालाच ठाऊक नाही, आणि मलाही हे तुमच्या सूचीतून कळलं. पुस्तक चार जुलैला निघणार आहे, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. आम्ही त्या पानातलं काहीही काढत नाही आहोत. फक्त मिसेस हॅनर वेगळी ठेवा आणि माझी आजी वेगळी ठेवा. एक आकडा काढायचा आहे, एवढंच.

“त्या काउंटीत अजून अकरा टाउनशिप आहेत,” क्वेक म्हणाले. त्यांची इंग्लिश घाईची असायची. “अकरा पुस्तकं, सगळी आपल्याला देणार. नाही दिली तर वरचे म्हणतायत, सूचीचं काम मनिलाला पाठवू. पाच माणसं, सारो. वन नंबर ओन्ली.”

“पण ती एकच बाई आहे,” सरोजिनी म्हणाली.

“आय नो. यू नो. हू एल्स वाँट टू नो?” क्वेक तिच्याकडे बघून थकल्यासारखे हसले. “फ्रायडेपर्यंत कर. ओके?”

घरी तिने जेवताना हा विषय काढला. दिलीप म्हणाले, “अगं, गिऱ्हाइकाचं पुस्तक, गिऱ्हाइकाचं गाव, गिऱ्हाइकाची आजी. तुझं काय जातंय? पाच जणांच्या पोटावर पाय कशाला आणतेस?” यात चुकीचं काहीच नव्हतं. दिलीपचं बहुतेक वेळा काही चुकत नसे, त्यामुळेच त्यांच्याशी बोलणं अवघड जाई.

जाई सतरा वर्षांची. तिचा एक कान फोनला आणि एक घराला. ती एकदम म्हणाली, “आई, अरुणामावशीचा पेटिशन, यू साइन्ड, इज इट?”

“कोणी सांगितलं?”

“मिसेस कोहची मुलगी माझ्या क्लासमध्ये आहे. शी सेड ऑल द इंडियन आंटीज ऑल्सो साइन.” जाईने वरण वाढून घेतलं. “बट दे आर बिल्डिंग अवर लिफ्ट, व्हॉट.”

सरोजिनीला वाटलं, पोरीने ओरडायला हवं होतं, रागवायला हवं होतं, म्हणजे आपल्यालाही उलट काही बोलता आलं असतं. पण जाई नुसतीच जेवून उठली आणि ताट घासून ठेवलं.

तीन दिवस सरोजिनी विचार करत राहिली. कॅरोलिनबाईंचा तिला राग येत नव्हता. आजी चांगलीच होती, मांडीवर मुलं घेऊन वाचून दाखवणारी. पाय भाजणारीही तीच होती, हीच तर अडचण होती. वाईट बाई वाईट निघाली असती तर सूचीला काय जड गेलं असतं? आणि हॅटी ग्रिग्ज? तिच्या नावापुढे चारशे बारा पानांत एकच आकडा होता, एकशे त्रेचाळीस. तिच्या नातीचा ई-मेल येणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी क्वेक आले. सरोजिनीने फाइल उघडूनच ठेवली होती.

“मला नाही जमणार, मिस्टर क्वेक,” ती म्हणाली. “मला काढायचं तर काढा. पण तो आकडा माझ्या हाताने जाणार नाही.”

तिला वाटलं होतं, आता काही तरी मोठं होईल. इतक्या वर्षांत तिने ऑफिसात नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. क्वेकनी मान हलवली, तिच्या खांद्यावरून वाकून माउस घेतला, ‘१४३’ वर टिचकी मारली आणि आकडा पुसला. मग ‘हॅनर’पाशी जाऊन ‘पाहा’ पुसलं आणि तिथे ‘१४३’ लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

“सी? डन,” ते म्हणाले. “तू कशाला मनाला लावून घेतेस? गो ड्रिंक कॉफी.”

कोणी तिला कामावरून काढलं नाही. अकरा पुस्तकं आली, पाचही जण राहिले. तिच्या नकाराने कोणाचं काही बिघडलं नाही आणि कोणाचं काही सुधारलंही नाही. ती खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, जाऊन बसली, कॉफी समोर निवत राहिली. इतकं दमल्यासारखं तिला दोन जिने चढूनही कधी वाटलं नव्हतं. दीडशे वर्षांच्या गावात एका बाईला एक करायला ती निघाली होती, आणि एका टिचकीने ती पुन्हा दोन झाली. मग तिच्या मनात आलं, की एका बाईच्या बाबतीत मात्र माउस आपल्या हातात आहे.

त्या संध्याकाळी ती तीन जिने उतरून चौथ्या मजल्यावर अरुणाकडे गेली. हातात तोच फिरता डबा होता. साखरभात करून भरला होता.

“तो कागद परत दे गं मला,” ती दारातच म्हणाली. “सही खोडायची आहे.”

“कागद कुठला आता? मंगळवारीच टाउन कौन्सिलमध्ये दिला.” अरुणाने तिला आत घेतलं. “का? भावजी रागावले?”

“नाही. मलाच नको आहे.”

“अगं, पण तुझं नाव आहे कुठे त्यात?” अरुणा हसली. “मिसेस डी. टिपणीस लिहिलंयस तू. कोणाला काय कळणार, ती कोण ते! माझंही तसंच, मिसेस देवस्थळी. आपण काय बावळट आहोत?”

सरोजिनी खुर्चीच्या कडेवर बसली. “म्हणूनच,” ती म्हणाली. “मी लेखी देणार आहे, ती मीच आहे म्हणून. आणि माझी सही धरू नका म्हणून.”

अरुणाचं हसू हळूहळू गेलं. “म्हणजे आम्ही घरोघर फिरलो ते वाईट, आणि तू तेवढी चांगली?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? तुमच्या दाराशी कोणी फिरकत नव्हतं तेव्हा मी वाईट नव्हते?”

“नव्हतीस. अजूनही नाहीस,” सरोजिनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “तेच तर मला कळत नाही, अरुणा.”

अरुणा उठली. आत गेली. नळाचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो डबा होता, घासून पुसून कोरडा केलेला. साखरभात तिने स्वतःच्या पातेल्यात काढून घेतला होता, अन्न टाकायची तिची रीत नव्हती. डबा तिने सरोजिनीच्या हातात दिला. आत साखरेचा दाणासुद्धा नव्हता. सरोजिनीने तो काखेत धरला आणि तीन जिने चढून घरी आली.

सोमवारी तिने सुट्टी घेतली. पत्र रविवारीच लिहून ठेवलं होतं. मजकूर शोधावा लागला नाही, वर्षानुवर्षं तो तिला तोंडपाठ होता. ‘मी, सरोजिनी दिलीप टिपणीस, माहेरची कुमुद वामन प्रधान, असं लिहून देते की आपल्याकडे आलेल्या अर्जात एकतिसाव्या क्रमांकावर सही करणारी मिसेस डी. टिपणीस ही वेगळी कोणी नसून मीच आहे. सही मी राजीखुशीने केली. ती करायला नको होती. ती मागे घेत आहे. शाळेत कामगारांना राहू देण्यास माझी हरकत नाही.’ खाली तारीख, ब्लॉक, मजला. दिलीपनी वाचलं आणि फक्त एक स्वल्पविराम घातला.

टाउन कौन्सिलच्या ऑफिसात टोकन घेऊन ती पाऊण तास बसली. शेजारी एक म्हातारे चिनी आजोबा गळक्या पाइपची तक्रार घेऊन आले होते, ते दोनदा तिच्या खांद्यावर पेंगले. नंबर लागला. काउंटरवरची मुलगी जाईपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी असेल. तिने पत्र वाचलं. मग सोबत जोडलेलं ठाण्याचं प्रतिज्ञापत्र वाचलं. मग पुन्हा पत्र वाचलं आणि कपाळाला आठी घालून वर बघितलं.

“आंटी, सो मेनी नेम्स,” ती म्हणाली. “सही करणारी एक, सही काढणारी एक, इंडियातली एक. विच वन इज यू?”

सरोजिनीने पर्स मांडीवर सरळ केली.

“ऑल थ्री,” ती म्हणाली. या वेळी ती सॉरी म्हणाली नाही.